चष्मेवाल्याचा प्रश्न

भाचीच्या चष्म्याची एक दांडी सैल झाली होती. जेवताना ती सारखी बोटाने चष्मा वर ढकलत होती. ते बघवेना म्हणून त्याने खिशातला बारीक पेचकस काढला आणि ताटावर बसल्या बसल्याच दांडी घट्ट करून दिली. चष्मा तिच्या नाकावर ठेवला, कानामागून बोट फिरवलं, मान किंचित डावीकडे झुकवली, "आता कसं वाटतंय?" असं विचारलं आणि ती काही बोलायच्या आत तिच्या तोंडासमोर स्टीलची ताटली धरली. आरसा दुकानात होता.

भाचीला ठसका लागला. "मामा, तू ना, अगदी चष्मेवाल्यासारखा करतोस."

"मी चष्मेवालाच आहे," तो म्हणाला.

"तसा नाही रे. आमचा. परीक्षेतला." तिने डाव्या हाताने पिशवी ओढली आणि एक बारीकसं, कोपरे दुमडलेलं पुस्तक काढलं. कॉलेजात तिला तत्त्वज्ञान होतं. दुसऱ्या कुठल्याच विषयाला जागा शिल्लक नव्हती, म्हणून होतं. "हा माणूस जगात गाजलेला आहे. आणि आपल्याच गावात राहतो, माहितीये? याचं म्हणणं असं, की समोरचा माणूस खरा आहे हे आपल्याला कळतं कसं? तो आपला अंदाज चुकवतो म्हणून. घड्याळ अंदाज चुकवत नाही, दगड चुकवत नाही. मग जो माणूस कधीच अंदाज चुकवत नाही, त्याच्या आत कोणी आहे असं म्हणायला आधार काय? आणि मग उदाहरण दिलंय. चष्मेवाला."

"वाच की मोठ्यानं," बायको म्हणाली.

भाचीने वाचलं. घास तोंडात होता, त्यामुळे जगात गाजलेली वाक्यं जरा चिकट येत होती. 'माझा चष्मेवाला चष्मा माझ्या नाकावर ठेवतो. कानामागून बोट फिरवतो. मान डावीकडे झुकवतो. आता कसं वाटतंय, असं विचारतो आणि मी उत्तर देण्याच्या आत आरसा पुढे करतो. त्याच्या तोंडाला लवंगेचा वास येतो. गेली कित्येक वर्षं मी या माणसाकडे जातो आहे, आणि तो तिथे आहे असं मला शपथेवर सांगता येणार नाही.'

त्याच्या जिभेखाली लवंग होती. सकाळी ठेवलेली, जेवताना गालात सरकवलेली. ती थुंकावी की गिळावी हे त्याला ठरवता येईना, कारण यातलं काहीही केलं तरी ते पुस्तकात असेल असं त्याला वाटलं. कानात आधी एक बारीक शिट्टी वाजली आणि मग खोलीतले सगळे आवाज थोडे लांब जाऊन बसले. मेलेल्या माणसाचं पोस्टमॉर्टेम त्याच्याच जेवणाच्या टेबलावर व्हावं, आणि करणाऱ्या मुलीने मधेच लोणचं मागावं, तसं काहीसं. पुस्तकातला तो कोण, हे भाचीला कळलं नव्हतं. मामाला पुस्तकात गाठायचं तिच्या डोक्यातही येणं शक्य नव्हतं. मामा हा पुस्तकात असण्यासारखा माणूसच नव्हता, आणि नेमकं तेच पुस्तकाचं म्हणणं होतं.

"प्रश्न हमखास येतो," ती सांगत होती. "चष्मेवाल्याला अंतरंग असते का, साधकबाधक चर्चा करा. मी 'नसतं' असं लिहिणार आहे. 'असतं' लिहिलं की चार पानं जास्त खरडावी लागतात." यावर जगभर वाद चालू होता म्हणे. कुठल्या तरी थंड देशातल्या एका बाईंनी चष्मेवाल्याची बाजू घेऊन जाडजूड ग्रंथ लिहिला होता. एका गटाचं म्हणणं होतं की त्याला अंतरंग आहे, पण तो ते दुकानात आणत नाही. दुसरा गट म्हणत होता, आधी त्याचा शर्ट कोण धुतं ते विचारा.

"मग त्याची बायको आहे का त्यात?" बायकोने विचारलं.

"तळटीपेत आहे. 'चष्मेवाल्याच्या घरी कोणी असल्यास त्या व्यक्तीची परिस्थिती सहानुभूतीने विचारात घेण्याजोगी आहे.'"

"बरं," बायको म्हणाली. "आणखी वाढू का?" भाची गेल्यावर भांडी विसळताना तिने एवढंच म्हटलं, "लवंग तेवढी लिहायची सोडायला हवी होती त्यांनी." म्हणजे तिला कळलं होतं. तिला नेहमीच कळायचं. त्याला शिंक यायच्या आधी ती रुमाल द्यायची. आताही तिने तो पुढे केला, आणि हातात घेताना त्याला पहिल्यांदाच घाम फुटला.

पुस्तक लिहिणाऱ्या प्रोफेसरला तो ओळखत होता. म्हणजे त्याच्या डोळ्यांना ओळखत होता. पहिल्यांदा तो दुकानात आला तेव्हा तरुण होता, मानेने कोंबडीसारखा, आणि चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधलेली. नुकताच तुरुंगातून सुटला होता. साथीदारांची नावं सांग म्हणाले, याने सांगितली नाहीत. तिथे चष्मा फुटला आणि एक कान दुसऱ्यापेक्षा जरा खाली आला. चष्मा तिरका बसायचा. चष्मेवाल्याने कानाबद्दल चकार शब्द न काढता दांडी गरम करून वाकवली, आणि सरळ झाली का हे बघायला मान डावीकडे झुकवली. मान झुकवण्याची सुरुवात तिथली. मग ती मानेतच राहिली. सरळ कानांच्या गिऱ्हाइकांसमोरही ती आपली झुकायची. आता आठवून त्याला संताप यायला हवा होता. मी तुझ्याच कानासाठी झुकलो होतो रे बाबा, असं ओरडावंसं वाटायला हवं होतं. पण प्रामाणिकपणे पाहिलं तर त्या पहिल्या दिवसानंतर मान झुकताना आत कोण होतं, हे त्यालाही शपथेवर सांगता आलं नसतं. प्रोफेसरचं काही चुकलं नव्हतं. धक्का अपमानाचा असता तर पचवता आला असता. हा निदानाचा होता.

भाचीच्या पुस्तकात मागे लेखकाचा परिचय होता. तो त्याने तिच्याकडून मागून घेऊन वाचला, पुन्हा वाचला. प्रोफेसरचे वडील एका कारखान्यात भोंगा वाजवायचं काम करत. घड्याळासारखा माणूस. रोज ठरल्या वेळी घरी, ठरल्या खुर्चीत, ठरलेला खोकला. एका संध्याकाळी ते पत्र टाकून येतो म्हणून गेले आणि आलेच नाहीत. मुलगा दारात उभा राहिला, आणि त्याला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आपल्याला वडील होते. सगळं तत्त्वज्ञान त्या दारातून निघालं, असं परिचय लिहिणाऱ्याचं मत होतं. पुढे तिसरी बायको सोडून गेली तेव्हा प्रोफेसरने मित्राला कळवलं, 'आज तिची ओळख झाली.' चष्मेवाल्याला हे वाचून हसू आलं नाही. तो पुस्तक मिटून बसला आणि आपल्याच चपलांकडे बघत राहिला. घरातून पत्र टाकायला निघालेल्या त्या माणसाने जाताना चपला घातल्या असतील, त्याही रोजच्याच.

दुकानात त्याचे हात चालेनात. हात गिऱ्हाइकाच्या कानाकडे निघायचा आणि तो त्या हाताकडे बघत राहायचा, जसं काही शेजारच्याचं कुत्रं आपल्या अंगणात शिरलंय. ज्यांच्याकडे तो काम शिकला ते म्हातारे उस्ताद सांगायचे, "गिऱ्हाइकाला विचारावं, पण थांबू नये. थांबलं की तो विचार करायला लागतो, आणि विचार केला की कुठलाच चष्मा बसत नाही." ही त्यांच्या धंद्यातली रीत. आरसा पुढे करायचा तो त्यासाठी; स्वतःचं तोंड बघितलं की माणूस गप्प होतो. तो आयुष्यभर तसंच करत आला होता. आता त्याने ठरवलं, थांबायचं. शाळेची बस चालवणाऱ्या एका गृहस्थाच्या नाकावर चष्मा ठेवून त्याने विचारलं, "आता कसं वाटतंय?" आणि आरसा पाठीमागे धरून तो थांबला. गृहस्थाने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. "तसं बघायला गेलं तर," तो म्हणाला, "बरं नाही वाटत." मग त्याने खुर्ची ओढली. थोरला मुलगा बोलत नाही, बायको बोलायची थांबत नाही, बसमधली पोरं आपल्याला नावाने ओळखत नाहीत, नुसते हॉर्नने ओळखतात. बोलून झाल्यावर तो उठला, मनापासून आभार मानले आणि चष्मा तिथेच ठेवून निघून गेला. उस्ताद खोटं बोलत नव्हते.

राहिलं घर. घरी तरी अंदाज चुकवायचा असं त्याने मनाशी ठरवलं; प्रोफेसर सोमवारी डोळे तपासायला यायचा होता, त्याच्या आत निदान एकदा. तेव्हा आत कोणी असलं तर घाईघाईने बाहेर यायला हवं होतं. त्याने भांग दुसऱ्या बाजूला पाडला. बायको म्हणाली, "त्या बाजूला जरा पाणी लावा, उभा राहतोय." तो कामावरून लांबच्या रस्त्याने परतला, रस्ता चुकला, पावलं दुखवून घेतली आणि नेहमीच्याच वेळी दारात पोचला, कारण नेहमीचा रस्ता महिनाभर खोदून ठेवला होता आणि हल्ली त्यानेही रोज तेवढाच वेळ लागत होता. शेवटी त्याने मासे ठेवायची काचेची पेटी विकत घेतली. मासे घेतले नाहीत. माशांचा त्याला तिटकारा होता; म्हणूनच तर घेतली. रिकामी पेटी पोटाशी धरून तो जिना चढला आणि मनात म्हणत राहिला, आता बोल. आता सांग. बायकोने दार उघडलं, पेटीकडे बघितलं आणि बाजूला झाली. मांडणीवरची मधली जागा तिने पुसून रिकामी करून ठेवली होती. पेटी तिथे बरोबर मावली.

"तुला कसं कळलं?"

"परवापासून मांडणीकडे बघताय. हाताने माप घेत होतात."

"मी माप घेत नव्हतो."

"मग हात का असे धरले होते?" तिने दाखवलं. पेटीएवढेच.

त्या रात्रीही झोपायच्या आधी त्याने तिचा चष्मा उचलला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि तिच्या उशाशी ठेवला. लग्न झाल्यापासून तो हे करत होता. ठेवून झाल्यावर त्याला कळलं की आपण पुसला. तो अंथरुणावर ताठ बसून राहिला. घरात एक माणूस रोज रात्री येऊन चष्मा पुसून जातो आणि आपल्याला त्याचा पत्ता लागत नाही, अशी भीती त्याला वाटली. "झोपा," अंधारातून बायको म्हणाली. "काही नाही होत."

सोमवारी प्रोफेसर आला. सोबत एक नर्सबाई होत्या. त्या त्याच्या कोपराला धरून, फर्निचर हलवावं तशा त्याला वळवत होत्या. नजर फारच गेली होती. मधोमध एक धुक्याचा गोळा आणि कडेने थोडंसं जग. चष्मेवाल्याने लवंग ठेवली नव्हती. "या, बसा" असं नेहमी म्हणायचा, ते म्हटलं नाही. मान सरळ ठेवली, इतकी की मानेला रग लागली. कानामागून बोट फिरवलं नाही. तपासणीची जड चौकट प्रोफेसरच्या नाकावर ठेवून तो नुसता उभा राहिला. त्याने काय करायचं योजलं होतं ते त्याला ऐन वेळी आठवेना. एक भाषण होतं, कानाबद्दल. एक साधा प्रश्न होता, की मी नव्हतो तर तुम्ही कोणाकडे येत होतात.

"तुम्ही नवीन का?" प्रोफेसरने विचारलं.

त्याने चौकट उगाच एकदा सरळ केली.

"इथे एक गृहस्थ असायचे. लवंग खायचे. कुठे आहेत ते?"

आता हा क्षण असा होता की कोणीही शहाण्या माणसाने 'मीच तो' असं म्हटलं असतं. त्याच्याही ओठांवर तेच होतं. पण ते ओठांवर आहे हे त्याला कळलं, आणि ज्या अर्थी ते येणारच होतं त्या अर्थी ते म्हणण्यात काय अर्थ, असं वाटून त्याने दुसरं काहीतरी म्हटलं. "गेले ते," तो म्हणाला. आवाज बसलेला निघाला, कोणा भलत्याचाच.

प्रोफेसरचा हात टेबलावर काहीतरी शोधत फिरला आणि भिंगांच्या पेटीवर जाऊन थांबला. जड चौकटीखाली त्याचा खालचा कान जास्तच खाली दिसत होता. "त्यांच्याकडून," तो शेवटी म्हणाला, "ही अपेक्षा नव्हती."

चष्मेवाल्याच्या पोटात एकदम उजेड पडल्यासारखं झालं. अंदाज चुकला होता. पुस्तकाच्या नियमाने तो आता माणूस होता, बिनविरोध. थंड देशातल्या त्या बाई जिंकल्या होत्या, आणि भाचीला चार पानं जास्त लिहावी लागणार होती. हे सगळं ज्याच्या कानावर घालायचं, तो मात्र मेला होता. आणि समोर बसलेला म्हातारा रडत होता. चौकटीत भिंग बसवलेलं नव्हतं, त्यामुळे पाणी थेट बाहेर आलं. "माझे वडील असेच," तो म्हणाला. "पत्र टाकून येतो म्हणाले." नर्सबाईंनी पदर पुढे केला आणि चष्मेवाल्याकडे असं पाहिलं की जसं काही त्यानेच मारलं. ते खरंही होतं.

"त्यांच्या घरी कोण असतं?"

"बायको."

"मला भेटायला हवं. त्यांच्याबद्दल मी एक वाक्य लिहिलं होतं, ते पुरेसं नाही." त्याने पत्ता विचारला, आणि चष्मेवाल्याने बरोबर पत्ता सांगितला. खोटा सांगायला आधी तो सुचावा लागतो.

दुकान बंद करून तो धावतच घरी गेला. बायको पडद्याला टाके घालत होती. "मी वारलो असं सांगितलंय," तो धापा टाकत म्हणाला. "प्रोफेसरला. ते येतायत. तुला भेटायला."

बायकोने दोरा दाताने तोडला. "कधी?"

"आता. संध्याकाळी."

"ते नाही. गेलात कधी?"

"सकाळी. म्हणजे, सांगितलं सकाळी."

"आणि कशाने?"

"कशाने काय?"

"विचारतील ना. माणूस जातो तर कशाने तरी जातो."

"ते ठरवलं नाही."

"हे तुमचं नेहमीचंच," ती म्हणाली आणि पडदा घडी करून ठेवला. "आत स्वयंपाकघरात बसा. खोकू नका."

तो आत ओट्याला टेकून उभा राहिला. दार वाजलं, नर्सबाईंच्या चपला, प्रोफेसरची काठी आधी भिंतीला, मग खुर्चीला, मग मासे नसलेल्या पेटीला लागली. बायको आत येऊन कपबशा आणि ताटल्या घेऊन गेली, त्याच्याकडे बघितलंही नाही. विधवेने बघू नये तसंच. बाहेर बराच वेळ नुसते चमचे वाजले. भिंतीला कान लावून माणूस जास्तीत जास्त आपली नाचक्की ऐकतो, एवढं त्याला माहीत होतं. तरी त्याने लावला. कारण त्याच्या आत कोणी होतं की नव्हतं, याची साक्ष देऊ शकेल असं जगात एकच माणूस होतं, आणि ते पलीकडे चहा देत होतं.

"कशाने गेले?" प्रोफेसरने विचारलं.

"काही म्हणालेच नाहीत," बायको म्हणाली.

"ते घरी कसे होते? मी त्यांच्याबद्दल लिहिलं आहे. मला वाटायचं, त्यांचं सगळं आधीच कळतं. तुम्हालाही कळत असेल."

"कळायचं की. शिंक कधी येणार तेही कळायचं." बशी ठेवल्याचा आवाज आला. आत त्याने डोळे मिटून घेतले. आता तीही सांगणार होती. शपथेवर. "ते रोज रात्री माझा चष्मा पुसायचे. मला काही गरज नव्हती, मी पुसू शकते. पण पुसायचे. फार वर्षांपूर्वी एका रात्री पुसला नाही. नुसते खिडकीशी उभे राहिले आणि येऊन झोपले. सकाळी उठले तर नेहमीसारखे. कुठे निघाले होते, का राहिले, मी विचारलं नाही. विचारलं आणि खरंच सांगितलं तर काय करायचं? रात्रभर जागी होते. हा कोण झोपलाय शेजारी, असं वाटत होतं."

बाहेर काठी एकदा फरशीवर सरकली.

"तेव्हापासून मी सारखी बघत असते त्यांच्याकडे. हात कुठे जातोय, नजर कुठे जातेय. लोकांना वाटतं, अंदाज येतो म्हणून ही सांगते. येत नाही म्हणून बघते हो. अंदाज आला असता तर कशाला बघितलं असतं? घड्याळाकडे कोणी एवढं बघतं का?"

ती 'बघते' म्हणाली होती, 'बघायचे' नव्हे. पण ते नर्सबाईंच्याही लक्षात आलं नाही. प्रोफेसरने पाणी मागितलं. मग अगदी हळू आवाजात त्याने विचारलं, "माझी आईसुद्धा बघत असे का हो तशी? वडिलांकडे?" त्याला ते कुठून माहीत असणार, आणि हिला तरी कुठून. "बघत असतील," ती म्हणाली. "पत्र टाकायला जाताना तेवढं राहिलं असेल."

आत तो ती रात्र शोधत होता. ओट्याची कड त्याच्या पाठीत रुतत होती आणि तो एकेक वर्ष उलटंपालटं करत मागे जात होता: खिडकी होती, खाली रस्ता असणार, दिवे असणार. काहीच नाही. ती रात्र त्याच्याजवळ नव्हतीच. ती सगळी तिच्याकडे होती, इतकी वर्षं, उशाशी जपून ठेवलेली. त्याच्या आत एक माणूस होता, तो एका रात्री निघाला होता आणि काही कारणाने थांबला होता, आणि ही बातमी त्याला स्वतःच्या दुखवट्यात, स्वयंपाकघरातून, चोरून ऐकावी लागत होती. तो पिठाच्या डब्यावर बसला.

काठीचे आवाज जिन्याने खाली गेले. बायको आत आली. कपबशा बाहेरच राहिल्या होत्या. ती त्याच्यासमोर उभी राहिली आणि त्याचा चष्मा नाकावरून काढला. त्याला वाटलं होतं त्यापेक्षा तो बराच ओला झाला होता. तिने तो पदराने पुसला, परत त्याच्या नाकावर ठेवला, कानामागून बोट फिरवलं.

"आता कसं वाटतंय?" तिने विचारलं.

आणि थांबली.

तो विचार करायला लागला. काही केल्या चष्मा नीट बसेना. ती बघतच होती. त्याने सवयीने हात लांब केला. पण आरसा दुकानात होता, आणि ताटल्या सगळ्या बाहेर पाहुण्यांसमोर गेल्या होत्या.